फाउल कोणाच्या रक्तात असतो?

२०२२ सालच्या डिसेंबरची १८ तारीख, आगमनकाळाचा चौथा रविवार. नाताळगीतांचा सराव आटोपून आम्ही पंधरा-वीस मंडळी बिबवेवाडीतील एका स्नेह्यांच्या घरी विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना पाहण्यास जमलो होतो. अर्जेंटिना आणि फ्रान्स तीन-तीन गोलांच्या बरोबरीत राहिले व निकाल पेनल्टींवर गेला. फ्रान्सचा एक खेळाडू पेनल्टी घेण्यास पुढे येत असता अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाने चेंडू मुद्दाम दूर फेकून दिला. त्यावर आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "हे लोक असेच. लॅटिन रक्त आहे ना! जिंकण्यासाठी काहीही करतील. इंग्रज पाहा, जर्मन पाहा. हरतील, पण नियम सोडणार नाहीत." सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली, हे येथे प्रथमच कबूल केलेले बरे.

पुढे जानेवारीत धर्मग्रामातील मुलांचे सामने झाले. संघ नेहमीच्या रीतीने पाडलेले: एक गोवेकरांचा, एक मंगळूरकरांचा, एक केरळीयांचा, आणि चौथा त्या कुटुंबांतील मुलांचा, ज्यांच्या आईवडिलांनी वा आजोबांनी नगर-जालन्याकडची कोरडवाहू शेती सोडून पुणे गाठले. त्यांना सगळे 'नगरवाले' म्हणतात. गोवेकर आणि नगरवाले ह्यांच्या सामन्यात गोवेकरांचा एक चलाख पोरगा कोणाचा धक्का लागला नसताना गोलक्षेत्रात कोलमडला. पंचांनी पेनल्टी दिली, गोल झाला. "हुशार आहे हां पोरगा!" असे म्हणत आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. नगरवाल्यांनी बरोबरी साधली. सामना संपावयास थोडी मिनिटे उरली असता त्यांच्याच गोलक्षेत्रात एका तेरा वर्षांच्या मुलाच्या हाताला चेंडू लागला. पंचांच्या ते दृष्टीस पडले नाही. मुलाने स्वतःच हात वर करून सांगितले, "सर, माझ्या हाताला लागला." पेनल्टी झाली, नगरवाले हरले. त्या मुलाला त्याच्याच बाजूच्या एका काकांनी खडसावले, "तुला कोणी विचारलं होतं का?" आणि डिसेंबरात लॅटिन रक्ताची चिकित्सा करणारे आमचे वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "ह्यांना फुटबॉल कळतच नाही. ह्यांना आपली कबड्डीच बरी."

त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. अर्जेंटिनाच्या माणसाने चलाखी केली तर ती त्याच्या रक्तात असते. आमच्या मुलाने केली तर ती हुशारी ठरते. आणि ज्या मुलाने खरे सांगितले, त्याला खेळ कळत नाही! मग हा जो राष्ट्रस्वभावाचा सिद्धांत आम्ही दर चार वर्षांनी दूरचित्रवाणीसमोर बसून उगाळतो, तो आहे तरी काय? आमचे स्पष्ट मत असे की, तो निव्वळ आळस आहे. आणि आळसापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे, तो आमच्याच मुलांवर अन्याय करणारा आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे. देशोदेशीच्या खेळाच्या शैली वेगळ्या असतात, हे कोणी डोळस माणूस नाकारणार नाही. ब्राझीलचा खेळाडू चेंडूशी जसा खेळतो तसा जुना इंग्रज खेळाडू खेळत नसे. इटलीने बचावाचे शास्त्र बनविले, हॉलंडने १९७४ साली जागा बदलत खेळण्याची रीत जगाला दाखविली. हे सर्व आम्हांस मान्य आहे. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. शैली वेगळी, म्हणून स्वभाव वेगळा. स्वभाव वेगळा, म्हणून नीतिमत्ता वेगळी. आणि नीतिमत्ता वेगळी, म्हणून रक्तच वेगळे, अशी जी उतरंड रचली जाते, तिचे तळातले मडकेच फुटके आहे.

इतिहास काय सांगतो? पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे स्कॉटलंड व इंग्लंड ह्यांच्यात झाला. इंग्रज खेळाडू अंगाने भारी. ते एकट्याने चेंडू घेऊन मुसंडी मारीत. स्कॉटिश खेळाडू सगळे क्वीन्स पार्क ह्या एकाच क्लबचे, एकमेकांच्या सवयीचे, वजनाने हलके. ते चेंडू एकमेकांकडे सरकवू लागले. सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. एकाच बेटावरचे, एकच भाषा बोलणारे हे दोन संघ. त्यांच्या शैलीतला फरक कोणत्या रक्तातून आला? तो आला हलक्या अंगकाठीतून आणि एकत्र केलेल्या सरावातून.

इटलीचा 'कातेनाच्चो', म्हणजे दाराचा अडसर, हा इटालियन सावधपणाचा अर्क मानला जातो. पण त्या पद्धतीचे मूळ १९३० च्या दशकातील स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि तिचा जनक कार्ल रापान हा व्हिएन्नाचा. मिलानच्या इंटर संघाला ह्याच पद्धतीने १९६४ व १९६५ साली युरोपचा चषक जिंकून देणारा हेलेनियो हेरेरा हा ब्यूनोस आयरेसमध्ये जन्मलेला, मोरोक्कोत वाढलेला आणि फ्रान्समध्ये खेळलेला. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला सहा विरुद्ध तीन असे धूळ चारले, तेव्हा हंगेरीच्या लोकांनी त्याचे श्रेय कोणाला दिले? जिमी होगन ह्या इंग्रजाला, ज्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडापेस्टच्या पोरांना चेंडू कसा थांबवावा व कसा द्यावा हे शिकविले होते. इंग्लंडने आपल्या ह्या गुरुजींचे ऐकले नाही, हंगेरीने ऐकले. शैली गुरूकडून येते, मैदानाकडून येते, गरजेतून येते. रक्ताचा तेथे संबंध नाही.

परदेशात कशाला जावे? आपल्या अंगणातच पाहू. गोव्यात फुटबॉल १८८३ साली आला तो विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या ब्रिटिश धर्मगुरूंबरोबर, शिवोलीत, असे गोव्यात सर्वत्र सांगितले जाते. म्हणजे राज्य पोर्तुगालचे आणि खेळाचे शिक्षक ब्रिटिश! पुढे चर्चच्या शाळा, चर्चची अंगणे आणि कापणीनंतर मोकळी झालेली भातशेते ह्यांनी तो वाढविला. गोवेकरांचा नाजूक, चेंडू पायाशी ठेवणारा खेळ पाहून जे 'पोर्तुगीज वारसा' म्हणून मान डोलावतात, त्यांना आम्ही विचारतो: भारताचे थोर गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे कोणत्या लॅटिन घराण्यातले? सापळलेल्या शेतात खेळणाऱ्या हिंदू मुलाला आणि ख्रिस्ती मुलाला शेत एकच धडा देत होते.

आता कोल्हापूर पाहा. तेथे फुटबॉलचे संघ तालमींतून उभे राहिले. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावेच ते सांगतात. जेथे लाल मातीत अंग घुसळलेल्या पैलवानांच्या आखाड्यातून संघ निघाला, तेथे खेळ अंगाला अंग भिडविणारा झाला आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्षा भिडू लागली, ह्यात नवल काय? परंतु त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, वेगळ्या मार्गदर्शकांच्या हाताखाली शिकला आणि २०१७ साली भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. गुरू बदलला, मैदान बदलले, आणि खेळाला नवी जोड मिळाली. त्याच्या रक्तात कोल्हापुरी माणसाचे रक्तच राहिले.

आणि ज्यांना असे वाटते की भारतीय माणसाच्या अंगातच हा खेळ नाही, त्यांनी दोन तारखा पाठ कराव्यात. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घालून खेळलेला एकटा सुधीर चॅटर्जी हा ख्रिस्ती होता. दुसरी तारीख १ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने चार विरुद्ध दोन असे हरविले आणि त्यांतील तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा ह्यांनी केले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्यानंतर आपण मागे पडलो ते मैदाने गमावल्यामुळे, शिकविण्याची व्यवस्था न उभारल्यामुळे. रक्त त्याच घराण्यांतले राहिले.

आता खिलाडूवृत्तीकडे वळू, कारण खरा घाव तेथे आहे.

१९६६ च्या विश्वचषकात २३ जुलै रोजी इंग्लंड व अर्जेंटिना भिडले. अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन ह्याला पंचांनी बाहेर काढले. सामना संपल्यावर इंग्लंडचे मार्गदर्शक आल्फ रॅम्झी ह्यांनी आपल्या खेळाडूंना प्रतिस्पर्ध्यांशी सदरे बदलू दिले नाहीत आणि अर्जेंटिनाच्या वागणुकीची तुलना पशूंशी केली. 'लॅटिन रक्ता'च्या दंतकथेला तेथून मोठे बळ मिळाले. परंतु त्याच स्पर्धेत केवळ तीन दिवस आधी इंग्लंडच्या नॉबी स्टाइल्सने फ्रान्सच्या जॅकी सिमोनला अशा रीतीने आडवे केले होते की, जागतिक संघटनेने त्याला ताकीद दिली. आणि त्याची पाठराखण कोणी केली? ह्याच रॅम्झींनी! आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. ही म्हण आपल्या मराठीत आहे, पण तिचा अंमल साऱ्या जगावर आहे.

नियमनिष्ठ जर्मनांचे पाहा. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया ह्यांचा सामना होता. जर्मनीने एका गोलाने जिंकले तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, असे गणित होते. दहाव्या-अकराव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला, आणि पुढे दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलीत वेळ काढू लागले. नियमाचे एक कलमही मोडले गेले नाही! आफ्रिकेतील एका संघाचा हक्क मात्र साऱ्या जगासमक्ष हिरावला गेला. गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळविण्याची रीत त्यानंतर आली, ती ह्या लाजिरवाण्या प्रसंगामुळे.

जपानी प्रेक्षक सामन्यानंतर मैदान झाडून जातात, ह्याचे आम्हांस कौतुक आहे. आमच्या मुलांनी ते शिकावे असेही वाटते. पण २०१८ साली २८ जून रोजी जपानचा संघ पोलंडशी एका गोलाने हरत असता शेवटची दहाएक मिनिटे आपल्याच अर्ध्या भागात चेंडू फिरवीत उभा राहिला. का? तर सेनेगलशी गुण, गोल सर्व समसमान झाले होते आणि पिवळी कार्डे कमी म्हणून जपान पुढे जाणार होता. खेळ न खेळता 'सभ्य खेळा'च्या गुणांवर मिळविलेली ती वाटचाल! मग जपानी माणूस सभ्य की धूर्त? प्रश्नच चुकीचा आहे. त्या दिवशी, त्या मैदानावर त्या संघाने एक निवड केली, एवढेच खरे.

एकाच माणसाच्या दोन निवडी पाहावयाच्या असतील तर इटलीच्या पाओलो दी कानिओकडे पाहावे. १९९८ साली त्याने इंग्लंडमधील एका सामन्यात पंचाला ढकलून जमिनीवर पाडले आणि त्याच्यावर अकरा सामन्यांची बंदी आली. वर्तमानपत्रांना लॅटिन रक्ताचा आणखी एक पुरावा मिळाला. दोन वर्षांनी, १६ डिसेंबर २००० रोजी, लिव्हरपूल शहरात एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात एक-एक अशी बरोबरी असताना शेवटच्या क्षणी चेंडू दी कानिओकडे आला. प्रतिस्पर्धी गोलरक्षक जखमी होऊन खाली पडला होता. गोल करण्याऐवजी दी कानिओने चेंडू हातात झेलला आणि खेळ थांबविला. परक्या मैदानावरचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ढकलणारे हात आणि झेलणारे हात एकाच माणसाचे होते. रक्त बदलले होते काय?

आणि ज्या अर्जेंटिनाची आम्ही डिसेंबरात निंदा केली, त्याच देशाचे मार्सेलो बिएल्सा २०१९ साली इंग्लंडमधील लीड्स संघाचे मार्गदर्शक होते. २८ एप्रिलच्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडू जखमी पडला असता लीड्सने गोल केला. नियमाने गोल वैध होता. तरी बिएल्सांनी आपल्या संघाला बाजूस राहण्याचा हुकूम दिला आणि प्रतिपक्षाला बरोबरीचा गोल करू दिला. त्या बरोबरीने लीड्सची थेट बढतीची उरलीसुरली आशा संपली. आता ह्याच बिएल्सांनी त्याच हंगामात एका प्रतिस्पर्धी संघाच्या सरावावर पाळत ठेवण्यास माणूस पाठविला होता आणि त्यासाठी क्लबला दंडही झाला, हेही सांगितले पाहिजे. संत आणि पापी अशा दोन राष्ट्रांत माणसे वाटून टाकता येत नाहीत. ती वाटणी प्रत्येकाच्या अंतःकरणात रोज नव्याने होत असते, हे तर आम्ही श्रद्धावंतांनी इतरांस सांगावयाचे!

कोणी अभ्यासू वाचक म्हणेल, पण संशोधन तर आहे. होय, आहे. युरोपातील प्रमुख लीगमधील खेळाडूंचा अभ्यास करून काही संशोधकांनी दाखविले की, ज्यांच्या मायदेशी यादवी युद्धे अधिक झाली, त्यांना पिवळी व लाल कार्डेही अधिक मिळतात. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. परंतु यादवी युद्ध हे रक्त नव्हे. ती माणसांनी माणसांवर आणलेली आपत्ती आहे. बालपणी जे भोवती दिसते ते मैदानावर उतरते, असेच त्यातून निघते. म्हणजे पुन्हा प्रश्न आमच्याकडेच आला: आमच्या मुलांच्या भोवती आम्ही काय ठेवीत आहोत?

शिक्का मारण्याची किंमत काय असते, हे ब्राझीलच्या मोआसिर बार्बोसाने दाखविले आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून एक विरुद्ध दोन असे हरले. खापर फुटले ते कृष्णवर्णीय खेळाडूंवर, सर्वांहून अधिक गोलरक्षक बार्बोसावर. २००० साली मरेपर्यंत त्या एका गोलाने त्याची पाठ सोडली नाही. काळ्या माणसाच्या हाती गोल सोपवू नये, हा समज त्या देशात कित्येक दशके टिकला. विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून दीदा उभा राहिला तो २००६ साली. ज्या देशाच्या 'नाचऱ्या' खेळाचे आम्ही गोडवे गातो, त्या देशाने आपल्याच लेकरांना रंगावरून तोलले.

आम्ही बिबवेवाडीत वेगळे काय करतो? "गोवेकराच्या पायात कला, केरळीयाच्या अंगात दम, मंगळूरकराच्या डोक्यात हिशेब, आणि नगरवाल्याला कबड्डी." हे विनोदाने म्हटले जाते खरे. परंतु तेरा वर्षांच्या पोराला विनोद आणि निकाल ह्यांतला फरक कळत नाही. त्यातून 'नगरवाले' ह्या शब्दाच्या पोटात आणखी कोणता शब्द दडलेला असतो, हे आपल्यापैकी प्रत्येक प्रौढ माणसाला ठाऊक आहे. जातीची उतरंड आम्ही पाणवठ्यावरून हटविली असे मानतो आणि तिला मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून देतो. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी मुले वेदीपासून शंभर पावलांवर चार प्रांतांत विभागली जातात, आणि विभागणारे आम्ही असतो.

त्या मुलाने हात वर केला तेव्हा त्याला शिक्षा मिळाली ती दोन्ही बाजूंनी. स्वकीयांनी खडसावले, परकीयांनी हिणवले. त्या दिवशी मैदानावर राष्ट्रस्वभाव घडत होता, वाचकहो, आणि तो आम्ही घडवीत होतो. उद्या ह्याच पोरांतला कोणी कार्यालयात, दुकानात, न्यायालयात, "माझ्या हाताला लागला" असे म्हणण्याच्या क्षणी गप्प बसला, तर त्याचे मूळ शोधण्यासाठी कोणाचे रक्त तपासावयाचे?

म्हणून आमच्या काही साध्या मागण्या आहेत. पुढील सणाच्या सामन्यांत संघ प्रांतावरून पाडू नयेत. चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे भातशेतातला डाव आणि तालमीतला जोर एका संघात येतील आणि मुले एकमेकांकडून शिकतील. पंचांवर ओरडणाऱ्या प्रौढास मैदानाबाहेर पाठवावे, मग तो कितीही मोठा देणगीदार असो. खोटे पडणाऱ्या मुलासाठी टाळी वाजवू नये, तो आपल्याच घरचा असला तरी. सामना संपल्यावर मैदान सर्वांनी मिळून झाडावे. जपानकडून घ्यावयाचे ते हेच. आणि खरे बोलणाऱ्यास वेगळे बक्षीस देऊ नये, कारण खरे बोलणे हा पराक्रम आहे असे मुलांना वाटू लागले तर आम्ही आणखी एक चूक करू. त्याच्या खांद्यावर हात ठेवून "बरोबर केलेस" एवढे म्हणावे. पुरे आहे.

ह्यावर कोणी म्हणतील, मुलांच्या खेळाचे एवढे काय मनावर घ्यावयाचे? आमचे उत्तर असे की, विश्वचषकाचे मनावर घेणाऱ्यांनी हे विचारू नये.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. त्या सामन्यानंतर तो पुन्हा आमच्या स्पर्धेत उतरला नाही. रविवारी मिस्सेला येतो, मागच्या बाकावर बसतो. आम्ही त्याच्याकडे जाऊन बोललो नाही, कारण काय बोलावे हे सुचले नाही. आमच्या हाताला चेंडू लागला होता आणि पंचांनी पाहिला नव्हता. हा लेख लिहून आम्ही तो हात वर करीत आहोत.